चव पाह्यल्यानं उपास मोडत नाही

मले मटणाचा वास सहन होत नाही. लहानपणापासूनच नाही. अन् माह्या बापानं मले देलं कुठं, त टिमकी मोहल्ल्यातल्या सावजीच्या घरी! समोर भोजनालय, मागं घर, मधात हातभर आंगण. पहाटे भट्टी पेटली का मसाल्याचा धूर सरळ माह्या पांघरुणात. लगन झालं तवा मी सकाळी सकाळी ओकाऱ्या काढो, अन् दर वेळी सासूबाईले वाटे का गोड बातमी आहे. मंग खरं कळलं का कपाळाले हात लावे. "सावजीची सून अन् मटण खात नाही! बाहेर बोलू नको वं माय, गिराईक पळन."

नवऱ्याचं नाव मी घेत नाही. सारं टिमकी त्यायले सावजीच म्हणते, मीबी तसंच म्हणतो.

आमच्याकडे रांधणारा देवराव. वाटण त्याचं, भट्टी त्याची. पण चव सावजीची. माह्या सासऱ्यापासून चालत आलेली रीत होती. सकाळी भट्टीवरून मटणाचे गंज, म्हणजे मोठाली पातेली, उतरले का पहिली वाटी अन्नपूर्णेच्या फोटोपुढं, अन् मंग मालकानं चव पाहाची. मालकानं मान हालवल्याबिगर एक ताट बाहेर जात नसे. सावजीचा सोमवारी महादेवाचा उपास. त्या दिवशीबी चव पाहाचेच. नवी नवी होती तवा मी विचारलं होतं, "उपास मोडला न मंग?" त सासूबाई खेकसल्या माह्यावर. "चव पाह्यल्यानं उपास मोडत नाही. ते काम होय, खाणं नोहे." सासूबाईसोबत वाद कोण घालते?

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात सावजीले अटॅक आला. गल्ल्यावर बसल्या बसल्या घामानं ओलेचिंब झाले, छातीवर हात ठेवला अन् बाजूले कलंडले. रिक्षात घालून नेलं. वाचले. पण डॉक्टर केळापुऱ्यानं मले बाजूले घेऊन सांगतलं, "एक झटका निभावला. दुसरा निभावेलच असं नाही. आता सगळं तुमच्या हातात आहे."

हे डॉक्टर केळापुरे बाहेरदेशी शिकून आलेले. त्यायनं दवाखान्याच्या मैदानात अटॅकवाल्यायचा एक वर्गच काढला होता. सकाळी सकाळी दहा-बारा माणसं कडुलिंबाच्या झाडाखालून गोल गोल चालत, नर्स एकेकाचं मनगट धरून नाडी मोजे, अन् मंग साऱ्यायले बाकावर बसवून डॉक्टर खाण्यापिण्याचं सांगे. रक्तात कोलेस्टेरॉल नावाची चरबी रायते म्हणे. ते वाढलं का हृदयाच्या नळ्यायमधी थर धरते, मोरीच्या नळात खरकट्या तेलाचा गाळ बसते तसा. मोरी मीच साफ करत होती, म्हणून मले ते चांगलंच समजलं.

ते चरबी उतरवाले एक पावडर देली होती. डॉक्टर ओळखीनं मुंबईहून मांगवे. पावडर कायची, रेतीच ते! संत्र्याच्या रसात कालवली तरी विरघळे नाही. सावजी डोळे मिटून पेला तोंडाले लावत, दातात करकर वाजे, अन् पेल्याच्या बुडाशी जो चिकट गाळ राहे तोबी बोटानं पुसून चाटा लागे. वरून पोट तट्ट फुगे. संडासात घंटा घंटा कुंथत बसत, बाहेर आले का माह्यावर भडकत, जशी काही पावडर मीच दळली. त्यायच्या ढेकरेचा वास... जाऊ द्या. नवरा आजारी पडला का बाईच्या नशिबात काय काय वास येते ते बाईच जाणे.

पण मी मनातून खुश होती, खोटं काहून बोलू? सावजीच्या ताटातून मटण गेलं. अंडं गेलं. जवसाच्या तेलाची धार गेली. मी करडीचं तेल चमच्यानं मोजून घालो, दुधी उकडो, ज्वारीची भाकर, ताक, बस. माह्या चुलीवर मटणाचं भांडं चढलं नाही. माह्या घराले पहिल्यांदा माणसाच्या घरासारखा वास येऊन राहिला होता.

दिवाळी झाल्यावर रक्त तपासलं. त्या शनिवारी डॉक्टरनं पेशंटच्या बायकायलेबी बोलावलं होतं. आम्ही साऱ्या बाकावर लायनीत बसलो. डॉक्टर एकेकाचा कागद वाचे. मनोहररावचं उतरलं. दुसऱ्या कोणाचं उतरलं. मंग आमचा नंबर आला.

"शालिकराम सोनकुसरे. तीनशे चाळीस. उन्हाळ्यात होतं त्यापेक्षा जास्त." डॉक्टरनं चष्मा काढला अन् सावजीकडे नाही, माह्याकडे पाह्यलं. "बाई, खरं सांगा. चोरून काय खाऊ घालता?"

"काहीच नाही डॉक्टर. उकडलेलं देतो."

"उकडलेल्या दुधीनं कोलेस्टेरॉल वाढत नाही. नवरे लाड मागतात आणि बायका पुरवतात, मला माहीत आहे. पण उद्या हे गेले तर माझ्यापुढे रडायला येऊ नका. तुमच्या हातानं झालेलं असेल ते."

साऱ्या बायका माह्याकडे पाहून राहिल्या होत्या. मनोहररावची बायको त पदर तोंडाले लावून बाजूलीच्या कानात काही बोलली. जिनं जन्मात मटणाले हात लावला नाही, तिनं नवऱ्याले चोरून मटण चारलं म्हणे! असं वाटलं का जमीन फाटावी. अन् सावजी? सावजी उठले, छातीवर हात ठेवला अन् म्हणाले, "डॉक्टरसाहेब, माह्या प्रेमिलाची शप्पत घेऊन सांगतो. अटॅक आल्यापासून मी मटण खाल्लं नाही."

प्रेमिला आमची एकुलती एक पोरगी. बाप तिची खोटी शप्पत घेणार नाही. तोंडावरबी खोटेपणा नव्हता, एकदम साफ. मले कळेच ना. रातभर मी हिशेब लावला, का मंग चरबी येऊन कुठून राहिली?

दुसऱ्या दिवशी पहाटे मी नाकाले पदर बांधला अन् आंगण ओलांडून भट्टीकडे गेली. मी तिकडं कधीच जात नव्हती. दारातच थांबली.

देवरावनं गंज उतरवून ओळीनं ठेवले होते. फोटोपुढं वाटी ठेवलेली. सावजी नुकतेच आंघोळ करून आलेले, कपाळाले गंध, हातात पितळेची वाटी. पहिल्या गंजावरची लालभडक तर्री डावानं काढली, वाटीत घेतली, फुंकली अन् पेली. पुरी वाटी. मंग सुक्या मटणातली एक फोड. मंग खुराचा रस्सा. मंग नळी उचलली, ताटलीवर ठोकली, तो पांढरा पांढरा गर बाहेर आला, तो सुर्रकन वढला. मंग कलेजी. मंग भेजा, चांगला लिंबाएवढा गोळा, बोटानं तोंडात ढकलला अन् डोळे मिटले. "देवराव, मिरे जास्ती झाले आज."

मले दारातच वकारी आली. तोंड दाबून म्हटलं, "हे काय करून राहिले तुम्ही?"

सावजी दचकले, पण चोरी पकडल्यासारखे नाही. "चव पाहून राहिलो."

"गिळलं न ते!"

"मंग? चव पाहाची म्हणजे गिळाच लागते."

"अन् काल पोरीची शप्पत घेतली!"

"खरीच घेतली. जेवलो काय मी? बसलो काय पाटावर? भाकर घेतली काय संग? चव वं ते, वच्छले. सोमवारीबी पाहतो मी. महादेव काही म्हणत नाही, अन् तुह्या डॉक्टरले काय होते?"

अर्धं ताट मटण रोज रित्या पोटी घशाखाली उतरवत होते, अन् माणूस म्हणे मी खाल्लंच नाही! अन् गंमत पाहा, लबाडी नव्हती ते. खरंच वाटत होतं त्यायले तसं. मी हसू का डोकं फोडून घेऊ? मी तिथंच रडली अन् शिव्याबी देल्या. "मरान तुम्ही एक दिवस त्या भेज्यापायी. अन् डॉक्टर म्हणन बायकोनं मारलं."

"मंग कोण पाहीन चव?"

तोच खरा प्रश्न होता. देवराव दिवसभर तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणारा. त्याच्या जिभेचं कातडं झालं होतं, त्याले मीठ अन् साखर सारखीच. तरी मी हट्ट धरला. आठ दिवस त्यालेच पाहू देली. मीठ असं पडलं का गिराईकानं ताटं सरकवली. भैयाजी नावाचा एक जुना गिराईक, रोजचा येणारा, तो सावजीले म्हणाला, "सावजी, तुम्ही गेले असते त समजलो असतो. तुम्ही बसून आहे अन् तर्री मेली." सावजीच्या मनाले ते इतकं लागलं का तसेच उठले, भट्टीकडे गेले, वाटी उचलली, अन् हात छातीवर गेला. भिंतीले टेकून खाली बसले. जिभेखालची गोळी मी देली. माह्या हाताले त्यायचा थंडगार घाम लागला अन् मी ठरवून टाकलं.

"उद्यापासून मी पाहतो चव."

देवराव हसला. सावजी हसले नाही. "तू? तुले वास सहन होत नाही."

"तुम्ही मेलेलेबी सहन होणार नाही."

पहिल्या दिवशी मी तर्री तोंडात घेतली, जिभेवर फिरवली अन् मोरीकडे वळली थुंकाले. सावजी वरडले, "थुंकाचं नाही! अन्नावर थुंकते काय? माह्या बापाच्या भट्टीपुढं?" अन् मंग हळू, समजावल्यासारखं, "तिखट जिभेवर नाही कळत वं. घशात कळते. गिळ."

मी गिळली. काय सांगू तुमाले! कोमट तेलाचा लोंढा घशातून खाली गेला अन् तिथंच अडून बसला. खुराचा रस्सा व्हटाले चिकटे. नळीचा गर मऊ, लिबलिबीत, जसं कोणाच्या नाकातलं. अन् भेजा! भेजा चावताच येत नाही, जीभ लावली का पसरते. मी डोळे मिटून, मुठी आवळून, जुलाबाचं औषध घ्यावं तसा तो घेतला. मंग आंगणात पळाली, चिच खाल्ली, राखुंडीनं दात घासले, पदरानं जीभ पुसली. ढेकर आला का पुन्हा तेच.

अन् हे रोजचं झालं. नवरा जिता राहावा म्हणून बायका सोळा सोमवार करते, मी भेजा गिळो.

मटण गिळल्याचं मले वाईट कधी वाटलं नाही, नुसती किळस येत राहिली. अन् एक धीर होता. सासूबाई म्हणत, मनातून खाल्लेलंच अंगी लागते. तोंड वाकडं करून खाल्लं त वाया जाते. मी त तोंडच काय, सारं आंग वाकडं करून खात होती. मले काय लागणार?

गंमत अशी का माह्या जिभेनं तर्री सुधरली. ज्याले आवडते तो माफ करते. मले एकबी गोष्ट माफ नव्हती. "तेल खवट आहे. धने जळाले. खूर नीट धुतला नाही, वास मारून राहिला." देवराव दात खाये, पण पुन्हा धुवे. भैयाजी बोटं चाटत सावजीले म्हणे, "आता कसं! हात परत आला तुमचा." सावजी मिशीतल्या मिशीत हसत. माह्या नावाचा 'व' निघाला नाही कधी त्या तोंडातून. बायकोच्या जिभेवर भोजनालय चालते हे सांगतलं त सावजीची काय इज्जत राहिली?

तिकडं वर्गातबी तेच. रक्तातली चरबी उतरली. दोनशे साठ, मंग दोनशे तीस, मंग अजून खाली. पोट गेलं, गाल बसले, चालण्यात सावजी साऱ्यायच्या पुढं. डॉक्टर त्यायले नव्या पेशंटपुढं उभं करे. "हे बघा शालिकराम. पावडर, चालणं आणि जिभेवर ताबा." अन् सावजी, पायात कॅनव्हासचे जोडे, मान ताठ करून म्हणत, "मनावर घेतलं पायजे बाप्पा. मी त डोळ्यापुढं तर्री उकळते, पण मन हालू देत नाही." मी बाकावर बसून आयको. माह्या तोंडात तवा पहाटेच्या भेज्याची चव असे. असा राग ये का उठून सांगावं साऱ्यायले. पण माणूस जिता होता, झाडाखालून टकटक चालून राहिला होता. मी पानाची पिचकारी मारल्यासारखा राग बाजूले टाको.

दीड वर्स झालं असन. मले पायऱ्या चढताना धाप लागाले लागली. धुणं पिळताना छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखं वाटे. मी म्हणो, मसाला बाधला. ओवा चघळो.

मंग डॉक्टरनं नवीन काढलं. "ज्या घरातला एक पेशंट, त्या घरात दुसराही तयार होत असतो. सगळ्या बायकांचंही रक्त तपासायचं. गुरुवारी उपाशीपोटी या."

गेली. नर्सनं सुई टोचताना विचारलं, "उपाशी आहात न?" मी म्हटलं, "हाव. चहाबी नाही घेतला."

पुढच्या शनिवारी डॉक्टरनं आमाले दोघायले आत बोलावलं, खोलीत, साऱ्यायच्या पुढं नाही. सावजीचा कागद वरती होता. तो पाहून डॉक्टर हसला. मंग दुसरा कागद उचलला, अन् हसणं गेलं. मले झोपवून नळी लावून छाती आयकली, वायरी लावून पट्टी काढली, ते लांब पट्टी बोटानं सरकवत लय वेळ पाहात राहिला.

"बाई, छातीत दुखतं का?"

"जड वाटते कधी कधी. चढाव लागला का."

"तीनशे साठ आहे तुमचं. आणि ही पट्टीही बरी नाही." आवाज या वेळी नरम होता. "मला समजत नाही. एका चुलीवर दोघं जेवता. त्यांचं उतरलं आणि तुमचं हे. तुम्ही काय खाता?"

मी ताठ बसली. चांगली छाती ठोकून म्हटलं, "डॉक्टर, मी जन्मात मटण खाल्लं नाही."

अन् तेवढं बोलून तोंड मिटलं, त जीभ आपोआप मागच्या दाढेकडे गेली. तिथं सकाळच्या सुक्याचा एक धागा अडकला होता. मी जिभेनं तो वढून पाह्यला. निघे ना.

हेच वाक्य सावजी बोलले होते. याच डॉक्टरपुढं, हीच मान ताठ करून. मी त्यायले येडं भैताड म्हटलं होतं मनात, अन् दीड वर्स रोज पहाटे मीबी तेच केलं होतं. किळस आली म्हणजे खाल्लं नाही, असं कोणी सांगतलं होतं मले? गुरुवारी उपाशीपोटी आली म्हणाली, तवाबी नळीचा गर घशाखाली घालूनच आली होती.

डॉक्टर वाट पाहून राहिला होता. मी हळूच म्हटलं, "चव पाहतो. रोज. साऱ्या गंजायची. गिळतो."

डॉक्टरनं पहिले माह्याकडे पाह्यलं, मंग सावजीकडे. त्याले समजलं. "उद्यापासून बंद," तो म्हणाला. "एक थेंब नाही. तुमचं हृदय यांच्यापेक्षा वाईट अवस्थेत आहे. ऐकताय ना?"

मी सावजीकडे पाह्यलं. का कोणास ठाऊक, मले वाटलं आता हा माणूस माहा हात धरन. डॉक्टरच्या पुढं नाही धरणार, पण बाहेर निघाल्यावर तरी. निदान म्हणन, वच्छले, माह्यापायी झालं वं हे.

दवाखान्याच्या फाटकापाशी सावजी थांबले. डोकं खाजवलं. "मंग वच्छले," ते म्हणाले, "उद्या चव कोण पाहीन?"

अटॅकवाल्याच्या अंगाचा वास, त्या पावडरीचा गाळ, नळीचा गर, भेजा, साऱ्यायची मले किळस आली होती. पण त्या फाटकापाशी जशी आली तशी कशाचीच आली नव्हती. घरी आली, निजली.

दुसऱ्या दिवशी पहाटे सावजी भट्टीपाशी उभे होते. देवरावनं गंज उतरवले होते. फोटोपुढं वाटी होती. मी आली तशी सावजीचं तोंड उजळलं. त्यायनंच पितळेची वाटी भरून माह्या हातात देली, तर्रीची, काठोकाठ.

मी तोंडात घेतली. फिरवली. सावजी माह्या घशाकडे पाहून राहिले होते, उतरते का म्हणून.

अन् मी थुंकली. मोरीपर्यंत नाही गेली, तिथंच, त्यायच्या बापाच्या भट्टीपुढं, त्यायच्या पायापाशी. लाल थारोळं झालं फरशीवर. देवरावच्या हातातला डाव खाली पडला.

"मीठ कमी आहे," मी म्हटलं.

मले वाटलं सावजी वरडतीन. पण ते म्हणाले, "अन् तिखट?"

"तिखट घशात कळते," मी वाटी त्यायच्या हातात देली. "गिराईकाले विचारा."